झाकली मूठ

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली, की आमच्या वर्गात दोन पक्ष पडतात. एक कविता देणाऱ्यांचा आणि दुसरा 'आजचा विद्यार्थी : एक चिंतन' देणाऱ्यांचा. मागील दोन वर्षे मी पहिल्या पक्षात होते. यंदा मात्र मी ज्या विषयावर लिहिणार आहे, तो ऐकून संपादक-प्राध्यापक थोडे गोंधळले. "हा विषय विज्ञान विभागाकडे द्यायला हवा," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे वरवर पाहता रास्तच आहे. नवजात बालकांना होणाऱ्या एका गुणसूत्रदोषाविषयी मराठी विषयाच्या विद्यार्थिनीने काय लिहावे? परंतु माझी तक्रार त्या दोषाबद्दल नाहीच. दोष निसर्गाचा आहे आणि निसर्गापुढे तक्रार चालत नाही. माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे; आणि वाक्य हा तर आमच्याच अभ्यासक्रमातला विषय!

हकीकत अशी. २०२३ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांनी, माझी थोरली बहीण बाळंत झाली. पहिलेच बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. मी तेव्हा बारावीला होते. आईने बाळंतविडा शिवून ठेवला होता, आजीने जुन्या लुगड्यांची दुपटी केली होती. मुलगी झाली. वजन पावणेदोन किलो. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तिचे रक्त तपासणीसाठी मोठ्या शहरात पाठवले. कशासाठी, ते कुणी सांगितले नाही.

पेटीच्या काचेतून आम्ही तिला पाहत असू. तिच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. सगळ्याच तान्ह्या मुलांच्या मुठी मिटलेल्या असतात. पण हिची तर्जनी मधल्या बोटावर आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. दवाखान्यातल्या मावशी रोज फरशी पुसता पुसता तिच्याकडे बघत आणि ताईला म्हणत, "पोरी, काळजी नको करू. झाकली मूठ सव्वा लाखाची!" ताई हसे. त्या वॉर्डात चोवीस तासांत ताई तेवढी एकदाच हसे.

अकराव्या दिवशी अहवाल आला. डॉक्टरांनी दाजींना आणि माझ्या वडिलांना आपल्या टेबलापाशी बोलावले. ताई बाकावर बसली होती, मी तिच्याजवळ उभी होते. डॉक्टर म्हणाले, "ट्रायसोमी एटीन आहे. इन्कॉम्पॅटिबल विथ लाइफ." वडिलांनी विचारले, "म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरांनी पुन्हा तेच दोन तुकडे उच्चारले, या वेळी जरा सावकाश. मग सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे जगणार नाही." डॉक्टरांच्या पुढे फाइलींचा ढीग होता आणि दाराशी दुसरे नातेवाईक उभे होते. आमचे बोलणे पुरते दोन मिनिटांचेही झाले नाही.

मी डॉक्टरांना दोष द्यायला बसलेले नाही. त्यांना पुस्तकात जे शिकवले गेले तेच त्यांनी म्हटले. ते वाक्य जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले आहे. मराठीत त्याचा अर्थ 'जगण्याशी विसंगत' असा होईल. मी त्या रात्री शब्दकोश काढून बसले होते. 'विसंगत' हा शब्द आम्ही विधानांना लावतो. एका परिच्छेदातली दोन विधाने एकमेकांशी विसंगत असू शकतात. पण माणूस जगण्याशी विसंगत असतो म्हणजे काय? जी मुलगी त्या घटकेला पेटीत श्वास घेत होती, जिला ताईचे दूध नळीने उतरत होते, ती कशाशी विसंगत होती? ते वाक्य ऐकल्यानंतर ती आणखी तेवीस दिवस जगली.

आता या दोषाविषयी थोडे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ जोड्यांत. ही साधी मोजणीसुद्धा फार जुनी नाही. १९५६ पर्यंत पुस्तकांत ४८ हा आकडा असे. स्वीडनमधील लुंड येथे ट्यियो आणि लेव्हान या दोघा संशोधकांनी तो दुरुस्त केला. एकदा नीट मोजता येऊ लागल्यावर चूक कुठे होते तेही दिसू लागले. १९५९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले, की आज ज्याला 'डाऊन सिंड्रोम' म्हणतात त्यात एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. पुढच्याच वर्षी, १९६० साली, इंग्लंडमध्ये जॉन एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच दुसऱ्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. जास्तीचे गुणसूत्र सतरावे की अठरावे, याविषयी आधी घोळ होता. पुढे ते अठरावे ठरले. म्हणून या विकाराला 'एडवर्ड्स सिंड्रोम' किंवा 'ट्रायसोमी १८' म्हणतात. तेराव्या गुणसूत्राचा असाच विकार अमेरिकेतल्या क्लाऊस पाटाऊ यांनी त्याच वर्षी वर्णिला.

अठरावे गुणसूत्र एक जास्त असले, की बाळाची वाढ पोटातच खुंटते. हनुवटी लहान राहते, कान खाली सरकलेले असतात, डोक्याचा मागचा भाग पुढे आल्यासारखा दिसतो, पायाचा तळवा झुलत्या खुर्चीच्या पायासारखा गोल होतो. बहुतेकांच्या हृदयाच्या पडद्यात छिद्र किंवा तसलाच काही दोष असतो. चोखता येत नाही, गिळता येत नाही. श्वास मधूनच थांबतो. आणि मुठी; त्या चढलेल्या बोटांच्या मुठी हीच डॉक्टरांना या विकाराची पहिली खूण वाटते. मावशी जिला सव्वा लाखाची मूठ म्हणत होत्या, तिच्यावरूनच डॉक्टरांनी रक्त पाठवले होते. हे मला फार पुढे कळले.

जिवंत जन्मणाऱ्या साधारण सहा हजार बाळांत एकाला हा विकार असतो, असे मानतात. म्हणून तो 'दुर्मीळ'. आम्ही मराठीवाले दुर्मीळ ग्रंथ म्हटले की कपाट उघडतो, हातमोजे शोधतो. वैद्यकात दुर्मीळ म्हटले की बहुधा विषय मिटतो. पण महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाख मुले जन्मतात असे धरून भागाकार केला, तर तीनशे हा आकडा येतो. वर्षाला तीनशे घरे! त्यातली कित्येक घरे तालुक्याच्या गावी, कित्येक वाडीवस्तीवर असणार. त्या तीनशे घरांत कुणीतरी, कुठल्यातरी भाषेत, काहीतरी सांगतच असेल. काय सांगत असेल, हा माझा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, वाक्य कठोर असले तरी खरे तर आहे ना? खोटी आशा देण्यापेक्षा ते बरे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण खोटी आशा किती महाग पडते ते आम्ही पाहिले आहे. दाजींनी त्या दिवसांत एका 'हमखास गुण' देणाऱ्या माणसाला बारा हजार रुपये दिले. परंतु ते वाक्य खरे आहे का, हे आधी तपासू.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९९१ ते २०१२ या काळात जन्मलेल्या अशा मुलांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अठराव्या गुणसूत्राचा विकार असलेली २५४ मुले होती. निम्मी मुले नऊ दिवसांच्या आत गेली. नऊ दिवस! आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी करतात. म्हणजे निम्म्या मुलांना पाळण्यात नाव मिळण्याचीही उसंत मिळाली नाही. ही गोष्ट कुणीही आई-बापांपासून लपवू नये. पण त्याच अभ्यासात शंभरातील साडेबारा मुले वर्षभर जगली, आणि जवळजवळ दहा मुले दहा वर्षांची झाली. याचा अर्थ असा, की ज्यांनी पहिले वर्ष ओलांडले त्यांतली बहुतेक पुढेही टिकली. थोडी आहेत, फार थोडी आहेत. पण ती आहेत. 'विसंगत' या शब्दात ती कुठे बसतात?

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. जपानमध्ये नागानो येथील मुलांच्या रुग्णालयात या विकाराच्या बाळांवर इतर आजारी नवजातांप्रमाणेच सर्व उपचार करायचे असे ठरले. २००६ साली त्यांनी अशा २४ बाळांचा वृत्तांत छापला. त्यांपैकी चतुर्थांश बाळे वर्षभर जगली. सगळीकडे असेच होईल असा दावा मी करणार नाही; २४ हा आकडा लहान आहे आणि जी बाळे जगली त्यांचे जगणेही सोपे नव्हते. पण त्यावरून एक शंका येते. मूल जगणार नाही असे म्हणायचे, म्हणून उपचार करायचा नाही, म्हणून मूल जात असते, आणि मग पुस्तकात लिहायचे की ही मुले जगत नाहीत. सटवाई सहाव्या रात्री कपाळी लेख लिहिते म्हणतात. तिच्या लेखात निदान तिने स्वतः ढवळाढवळ केल्याचे ऐकिवात नाही.

यावरून सगळ्या बाळांवर शस्त्रक्रिया कराव्यात असे माझे मत आहे, असा कुणी समज करून घेऊ नये. वर्षापलीकडे जगणाऱ्या मुलांची बौद्धिक आणि शारीरिक वाढ अत्यंत मंद असते. बोलणे, आधाराशिवाय चालणे बहुतेकांना कधीच साधत नाही. ती घरच्यांना ओळखतात, हसतात, आपल्या गतीने काही शिकतात, आणि त्यांना आयुष्यभर कुणीतरी सतत सांभाळावे लागते. ज्या घरात कमावणारा एक आणि खाणारे सहा, त्या घराला हृदयाची शस्त्रक्रिया नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्याबद्दल त्यांना कुणी निर्दय म्हणू नये. पाचव्या महिन्यात निदान कळल्यावर जी आई गर्भपाताचा निर्णय घेते, तिचेही तसेच. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाल्यापासून, वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केले तर चोवीस आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. तो तिचा प्रश्न आहे. मी तिच्या जागी नाही. ताईला तो निर्णय घ्यावाच लागला नाही, कारण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 'बाळ जरा लहान दिसते, खात-पीत जा' एवढेच तिला सांगण्यात आले होते. तिने मग खूप खाल्ले.

माझे म्हणणे इतकेच, की निर्णय कोणताही घ्यायचा असो, त्याआधी खरी माहिती कळेल अशा भाषेत हाती यावी. 'जगण्याशी विसंगत' हे माहितीचे वाक्य नाही. त्यात किती दिवस, कशाने, काय करता येईल, काय येणार नाही, यांपैकी काहीच सांगितलेले नसते. ते संभाषण संपवण्याचे वाक्य आहे. त्याच्यापुढे प्रश्न विचारता येत नाही. माझ्या वडिलांनी विचारून पाहिला.

त्याऐवजी असे म्हणता आले नसते का? "तुमच्या मुलीला जन्मतःच एक गुणसूत्र जास्त आहे. अशी निम्मी बाळे पहिल्या दहा दिवसांतच जातात. शंभरातली दहा-बारा वर्षभर जगतात. तुमची मुलगी यांतली कोणती, हे आज मला सांगता येत नाही. तिचा श्वास मध्येच थांबेल. तसे घरी झाले तर काय करायचे आणि इथे झाले तर काय करायचे, ते आपण बसून ठरवू. तिला दुखू नये, भूक लागू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे." मी हे घड्याळ लावून वाचून पाहिले. एक मिनिटही लागत नाही. यात एकही शब्द असा नाही की जो माझ्या आजीला कळणार नाही. आणि खोटी आशाही यत्किंचित नाही.

शब्दांमुळे खरोखरच फरक पडतो का, की हा आमचा कला शाखेचा भ्रम? २०१२ साली कॅनडा-अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी तेराव्या आणि अठराव्या गुणसूत्राच्या विकाराच्या २७२ मुलांच्या ३३२ पालकांना विचारले. दर शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांना ते 'विसंगत' वाक्य ऐकवले गेले होते. निम्म्यांना आपल्या मुलाची तुलना भाजीपाल्याशी केलेली ऐकावी लागली होती. आणि याच पालकांपैकी शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी, मूल किती का दिवस जगले असेना, ते आनंदी होते असे सांगितले. आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, की हे पालक अशा मुलांच्या आई-बापांच्या मंडळांतले होते. जे कोलमडले, जे दूर निघून गेले, ते अशा मंडळांत येत नाहीत. म्हणून सत्त्याण्णव हा आकडा मी जरा बाजूला ठेवते. पण सत्त्याऐंशी हा आकडा बाजूला ठेवता येत नाही. एवढ्या घरांत, एवढ्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी, एकच वाक्य उच्चारले. आणि पालकांना ते पुढे कित्येक वर्षे शब्दशः आठवत राहिले. आमच्या आईला इंग्रजी येत नाही. तिला ते वाक्य पाठ आहे.

आणि जिथे डॉक्टर बोलत नाहीत, तिथे दुसरे बोलायला बसलेलेच असतात. २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होते. ताईला सहावा महिना चालला होता. ती तेव्हा सासरी होती आणि तिने त्या संध्याकाळी विळीवर कोथिंबीर चिरली. बाळ आजारी आहे असे कळल्यापासून ताईच्या सासूबाईंनी त्या कोथिंबिरीचा पिच्छा सोडला नाही. आमच्या आजीचाही त्यावर अर्धा विश्वास होता, हे कबूल करायला हवे. या म्हाताऱ्या बायका दुष्ट नाहीत. त्यांना कारण हवे होते. कारण कुणी दिले नाही, म्हणून त्यांनी आपल्या पिढीजात साठ्यातले काढले.

खरे कारण सांगणे मुळीच अवघड नाही. स्त्रीची बीजे ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार होऊ लागतात, आणि वर्षानुवर्षे अर्धवट विभागलेल्या स्थितीत थांबून राहतात. बीज पक्व होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटाव्या लागतात. कधी एखादी जोडी सुटतच नाही. वय वाढेल तसा हा धोका वाढतो, पण पंचविशीतल्या मुलीलाही तो चुकलेला नाही. ताई सत्तावीस वर्षांची होती. क्वचित बापाच्या बीजातही असे होते. जास्तीचे गुणसूत्र जवळजवळ नेहमी पहिल्या पेशीतच आलेले असते, त्या क्षणी आईला दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. मग सहाव्या महिन्यातली कोथिंबीर तिथे काय करणार? पपई, जिना, धक्का, दृष्ट, रात्री उशिरापर्यंत पाहिलेला चित्रपट, यांतले कुणीच तिथे पोचू शकत नाही.

इथे आमच्या भाषेनेही थोडा घोटाळा केला आहे. 'क्रोमोसोम' हा शब्द १८८८ साली वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने बनवला. त्याचा अर्थ केवळ 'रंगीत काया', कारण रंगद्रव्य घातल्यावर पेशीत ती उठून दिसते. मराठीत आपण 'गुणसूत्र' केले, आणि मराठी विश्वकोशातही त्याच नावाची नोंद आहे. शब्द सुरेख आहे, अर्थवाही आहे. पण 'गुण' म्हटले की समोर 'दोष' येऊन उभा राहतोच. 'बाळाच्या गुणसूत्रात दोष आहे' हे वाक्य ऐकून ताईने पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुणाच्या घराण्यातला?" मला तेव्हा वाटले, आपल्या परिभाषा-समितीत एखादी बाळंतीण असायला हवी होती.

आणखी एक वाक्य आहे, ते लिहू की नको असे होते, पण लिहिते. बाळ गेल्यावर भेटायला आलेल्या एक बाई माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगीच होती ना? सुटलात." त्या बाई शिकलेल्या आहेत. गर्भजलपरीक्षा आपल्या देशात सत्तरीच्या दशकात आली ती गुणसूत्रांचे दोष शोधण्यासाठी. आणि आपण तिचा उपयोग मुली शोधण्यासाठी केला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला याचा आपल्याला अभिमान आहे. एडवर्ड्स सिंड्रोममध्ये मुलगे पोटातच अधिक दगावतात, त्यामुळे जिवंत जन्मतात त्यांत मुलीच अधिक असतात. म्हणजे 'सुटलात' हे वाक्य त्या तीनशे घरांपैकी बऱ्याच घरांत कुणी ना कुणी म्हणत असणार.

दवाखान्यात तिच्या केसपेपरवर शेवटपर्यंत 'बेबी ऑफ' आणि पुढे ताईचे नाव, एवढेच होते. बाराव्या दिवशी आत्याला यायला जमले नाही. तेव्हा आजीने सिस्टरची परवानगी काढली, पेटीच्या बाजूच्या गोल खिडकीतून हात घातला, आणि खिडकीशी तोंड नेऊन नाव सांगितले. 'कुर्र'ही केले. नाव मी इथे लिहीत नाही. चौदाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणली. एका सिस्टरने आजीला नळीने दूध कसे द्यायचे ते शिकवले होते: आधी नळी पोटातच आहे ना ते पाहायचे, मग दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचे, जोर लावायचा नाही. बोंडल्याने सात नातवंडे वाढवलेली माझी आजी पंच्याहत्तराव्या वर्षी हे शिकली आणि एकदाही चुकली नाही. त्या सिस्टरला कुणी हे काम सांगितले नव्हते. सगळ्या प्रकरणात आम्हांला जी एक उपयोगी गोष्ट मिळाली, ती तिने आपल्या जेवणाच्या सुटीत दिली.

ती घरी वीस दिवस होती. आंघोळीनंतर उन्हात धरली की तिची कपाळावरची आठी जाई. एकदा, विसाव्या की एकविसाव्या दिवशी, झोपेत तिची उजवी मूठ सैल पडली आणि आजीने घाईघाईने आपले बोट आत सरकवले. चौतिसाव्या दिवशी पहाटे श्वास थांबला तो पुन्हा सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशी माझा बोर्डाचा पहिला पेपर होता, इंग्रजीचा.

गेल्या वर्षी ताईला पुन्हा दिवस गेले. या वेळी दाजी तिला पुण्याला एका आनुवंशिकतेच्या सल्लागार बाईंकडे घेऊन गेले. आजी हट्टाने बरोबर गेली, म्हणून मीही गेले. आता दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून अशा विकारांचा अंदाज घेता येतो. पण तो अंदाजच असतो, आणि शंका आली तर गर्भजल तपासूनच खात्री करावी लागते, हे त्या बाईंनी आधी सांगितले. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर तेवीस जोड्या काढल्या, अठराव्या जोडीजवळ तिसरी रेघ काढली, आणि ती तिथे कशी आली ते सांगितले. पुन्हा तसे होण्याचा संभव साधारण शंभरात एक, असे म्हणाल्या. सगळे मराठीत. पाऊण तास लागला. ताईने तीन वर्षे साठवलेले प्रश्न विचारले.

शेवटी आजी म्हणाली, "मग ग्रहणाचा काही संबंध नाही म्हणता?"

"नाही, आजी."

"कोथिंबीर चिरली त्याचाही नाही?"

"कशाचाच नाही."

आजी थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग तिने तो त्यांच्यापुढे परत सरकवला आणि म्हणाली, "बाई, एवढं इथंच खाली मराठीत लिहून द्या. विहीणबाईंना वाचून दाखवायचंय."